जो सामना नव्हताच, तो आम्ही हरलो

हे मी आतापर्यंत फक्त चार जणांना सांगितलंय, आणि त्या चौघांनी मिळून चाळीस जणांना सांगितलंय. मग तुम्ही तरी बाहेरून कशाला ऐकायचं? घ्या, चहा ओता आणि माझ्याच तोंडून ऐका. माती मी खाल्लीय, तर चवही मीच सांगते!

मी सुजाता. मूळची नाशिकची. इकडे डच मुलखात, फेल्डहोवनला येऊन चार वर्षं झाली. चिपच्या मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी प्लॅनिंग बघते. म्हणजे कुठली वस्तू, कुठल्या दिवशी, कुणाकडे पोचली पाहिजे, ते ठरवते. थोडक्यात, तारीख-वार सांभाळण्याचाच मला पगार मिळतो. पुढचं ऐकताना हे विसरू नका. मी विसरले होते.

ऑफिसात माझ्या समोर योरिस बसतो. अडतीस वर्षांचा, दाराच्या चौकटीएवढा रुंद. नाक दोनदा मोडलेलं आणि तिसऱ्यांदा अंदाजाने बसवलेलं. हा आमच्या गावच्या रग्बी लीग टीमचा कॅप्टन. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आला.

"सुजाता, तुला एक्सेल येतं ना?"

"येतं की."

"गाडी आहे?"

"आहे."

"मग तू आमची टीम मॅनेजर."

मी हसले. तो हसला नाही. मग कळलं की ही टीम आमच्या भागातल्या नॉकआउट कपमधून दरवर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडते, आणि तेही बहुतेक वेळा मैदानावर न उतरताच! एका वर्षी फॉर्म भरायचा राहिला. एका वर्षी तेराऐवजी दहाच जण आले. गेल्या वर्षी तर सगळेच्या सगळे वेळेवर आले, पण भलत्याच गावी.

"आम्हाला खेळता येतं," योरिस काकुळतीला येऊन म्हणाला, "पोचता येत नाही."

आता सांगा, प्लॅनिंगवाल्या बाईला असं म्हटल्यावर ती विरघळेल नाही तर काय?

घरी आल्यावर नवऱ्याला, प्रशांतला सांगितलं. तो म्हणाला, "तुला रग्बीतलं काय कळतं?"

"शिकेन."

आणि शिकले हो! तेरा-तेरा माणसं, लंबगोल चेंडू. पळायचं पुढे आणि चेंडू फेकायचा मागे. सहा वेळा पकडले गेलात की चेंडू समोरच्याला देऊन टाकायचा. बाकी सगळी कबड्डीच, फक्त चिखल जास्त आणि दम घ्यायला परवानगी. मला तर आवडायलाच लागलं.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "आई, नॉकआउट कप आहे."

"अगं बाई, बॉक्सिंग का?"

"नाही गं. हरलं की घरी, त्याला नॉकआउट म्हणतात."

"मग बरं आहे. लवकर घरी याल."

पण आम्ही घरी आलोच नाही! कपमध्ये बारा टीम होत्या. त्यातल्या दोन टीममध्ये तेच ते खेळाडू होते असा मला अजूनही दाट संशय आहे, पण ते सोडा. पहिली फेरी आइंडहोवनच्या टीमशी. मी प्रत्येक खेळाडूला आदल्या दिवशी एक मेसेज, सकाळी एक मेसेज, आणि जो उत्तर देणार नाही त्याच्या बायकोला एक मेसेज, असा बंदोबस्त केला. सतरा जण आले, तेही अर्धा तास आधी! बरोबर मी बटाटेवडे नेले होते. जिंकलो.

दुसरी फेरी टिलबुर्खला. गारा पडत होत्या. शेवटच्या मिनिटाला योरिस तीन माणसं अंगाला लटकवून तसाच धावत गेला आणि रेषेपलीकडे जाऊन आडवा झाला. पुन्हा जिंकलो!

परतताना तो माझ्या गाडीत पुढे बसला होता. गुडघ्यावर बर्फाची पिशवी. मग म्हणाला, "हा माझा शेवटचा सीझन, सुजाता. डॉक्टर म्हणतो गुडघा संपला. चौदा वर्षं खेळतोय. एकदाही फायनल खेळलो नाही."

मी गाडी चालवताचालवता म्हटलं, "यंदा खेळशील. माझी जबाबदारी."

बघा, माणसाने बोलताना जीभ जरा आवरावी!

तर बाराच्या सहा झाल्या, सहाच्या तीन. उरलो आम्ही, न्यूनेन आणि नायमेखन. आणि इथपर्यंत माझं विमान पार ढगात गेलं होतं. त्यातच मी डच भाषेची परीक्षा पास झाले होते. कशीबशी, पण झाले होते. मग काय विचारता! दुकानात, ऑफिसात, शेजारी, सगळ्यांना मी बजावून ठेवलं होतं की माझ्याशी इंग्रजी अजिबात बोलायचं नाही. फक्त डच!

हा कप चालवतात मेनेर हेंद्रिक्स. म्हणजे श्रीयुत हेंद्रिक्स. सत्तरीचे, पोस्टातून निवृत्त झालेले. एक वही आणि एक सायकल, एवढ्यावर अख्खी स्पर्धा चालते त्यांची. चिठ्ठ्या टाकून कोण कुणाशी खेळणार हे ठरवायचं आणि प्रत्येक टीमच्या मॅनेजरला मेसेज टाकायचा. बाकीच्या परदेशी मॅनेजरना ते इंग्रजीत लिहायचे. मला मात्र खास माझ्या आग्रहावरून डचमध्ये.

सोमवारी मेसेज आला. शब्द मोजके. 'सेमीफायनल. फेल्डहोवन व्राय. न्यूनेन आणि नायमेखन शनिवारी दोन वाजता, न्यूनेनला.'

आता डचमध्ये शुक्रवारला म्हणतात व्रायदाख. म्हणजे व्राय म्हणजे शुक्र! पुढे शनिवार स्पष्ट लिहिलाच आहे. त्यांची मॅच शनिवारी, आमची शुक्रवारी. यात न कळण्यासारखं काय आहे? मी तर कौतुकाने मान डोलावली. पोस्टातला माणूस, तार लिहावी तसं लिहिलंय!

फक्त वेळ, जागा आणि समोरची टीम तेवढी लिहायची राहिली होती. म्हातारा माणूस, विसरला असेल. मी फोन लावला. अर्थातच डचमध्ये बोलायला.

पलीकडून घोंघों वारा. स्वारी सायकलवर होती.

"मेनेर हेंद्रिक्स, मी सुजाता, फेल्डहोवन. आम्ही व्राय! किती वाजता?"

जरा थांबून ते खदखदून हसले. "किती वाजता? अख्खा दिवस!"

अख्खा दिवस? म्हणजे आम्हाला सोयीची वेळ निवडा म्हणतायत. किती भला माणूस!

"आणि कुठे?"

"तुम्हाला हवं तिथे!" पुन्हा हसणं.

म्हणजे आमचंच मैदान. वा!

"आणि कोणाविरुद्ध?"

आता तर ते इतके हसले की सायकल थांबवली असावी. मग वाऱ्याच्या झोतातून एकच शब्द आला. "नी… म… न!"

"नायमेखन! धन्यवाद!" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, अगं, नायमेखनची तर शनिवारी न्यूनेनशी मॅच आहे ना? मलाही ती शंका आली. मी इतकी काही ही नाहीये! पण मग मी डोकं चालवलं, आणि तिथेच घात झाला. टीम किती उरल्या? तीन. तिघांत सेमीफायनल कशी खेळणार? अर्धी टीम आणणार? मग क्रिकेटमध्ये आपण काय करतो? त्रिकोणी मालिका! शुक्रवारी आम्ही आणि नायमेखन, शनिवारी नायमेखन आणि न्यूनेन, मग आम्ही आणि न्यूनेन. सगळं कसं चपखल बसलं. मी लगेच एक्सेलमध्ये तक्ता केला. रंगीत.

नायमेखनचा मॅनेजर कोण असेल? आपलाच माणूस! अनिकेत. मूळचा सोलापूरचा, तिकडच्या विद्यापीठात पीएचडी करतो. स्वतः खेळायचा, पण खांदा निखळल्यापासून त्याच्या गळ्यात मॅनेजरकी पडलेली. त्याला फोन केला.

"अनिकेत, शुक्रवारी चार वाजता या रे फेल्डहोवनला."

"शुक्रवारी? ताई, आमचं तर शनिवारी आहे. न्यूनेनला."

"तेही आहे आणि हेही आहे. तीन टीम आहेत ना? त्रिकोणी मालिका."

"पण नॉकआउटमध्ये त्रिकोणी?"

"मग तूच सांग, तीन टीमची सेमीफायनल कशी होते?"

पीएचडी करणारा मुलगा. विचारात पडला. "तेही खरंच. पण ताई, दोन दिवसांत दोन मॅच? पोरांची हाडं जाग्यावर राहतील का?"

"मी काय करू? मी स्वतः हेंद्रिक्सशी बोलले. डचमध्ये!"

"डचमध्ये बोललात? मग प्रश्नच मिटला."

त्याने त्याच्या कोचला विचारलं. तो कोच म्हणे खांदे उडवून म्हणाला की खाली ब्राबांतमधली, म्हणजे आमच्या भागातली, माणसं काहीही करतात, आपण जाऊन यावं. झालं! एवढ्या एका वाक्यावर नायमेखनची टीम निघाली.

आमच्याकडे तर कोणी प्रश्नच विचारला नाही. सुजाताने सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार! सतरा जणांनी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एकाने तर दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट रद्द केली, आणि इथे ती पुन्हा मिळवायची म्हणजे काय तपश्चर्या असते ते तुम्हाला माहीत आहे. मैदानाची राखण करणाऱ्या काकांना मी गवत कापायला लावलं, पांढऱ्या रेषा आखायला लावल्या. रेफरी म्हणजे आमच्याच भागात राहणारे एक इंग्रज मास्तर. ते म्हणाले, "मला कमिटीकडून काही निरोप नाही." मी म्हटलं, "मी देतेय ना निरोप! वडे आहेत." आले.

माझी मुलगी इरा घरी असती तर हे पुढचं काहीच घडलं नसतं. ती चौदा वर्षांची, शाळा डच, मैत्रिणी डच, स्वप्नंसुद्धा डचमध्ये बघते. पण नेमकी त्याच आठवड्यात ती शाळेच्या शिबिराला गेलेली. सोमवारी सकाळी गेली, शुक्रवारी संध्याकाळी येणार. माझं नशीब बघा!

शुक्रवारी चार वाजता सामना सुरू झाला. हेंद्रिक्स आले नव्हते. मी मनात म्हटलं, काय बाई बेजबाबदार माणूस, सेमीफायनलला तरी यावं!

सामन्याचं काय सांगू? आमची धुलाई झाली. धुऊन, पिळून, वाळत घातलं आम्हाला. नायमेखनची ती पंचविशीतली पोरं वाऱ्यासारखी पळत होती. त्यांचा एक डाव होता. चेंडू डावीकडे जातोय असं दाखवायचं, सगळे तिकडे धावले की एक लाल केसांचा मुलगा गुपचूप उजवीकडून निघून जायचा. पाच वेळा तो तसाच गेला आणि पाचही वेळा आमचे सगळेच्या सगळे डावीकडे! योरिस गुडघा ओढत ओढत त्याच्या मागे धावायचा. मी काठावरून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

शिटी वाजली. सपाटून हरलो. कागदावर न्यूनेनशी सामना उरला होता, पण गुणांच्या एवढ्या खड्ड्यातून फायनल काही दिसत नव्हती.

आणि मग जे झालं, ते ऐका. क्लबच्या खोलीत सगळे माना खाली घालून बसले. योरिस उठला. म्हणाला, "मित्रांनो, चौदा वर्षं. फायनल माझ्या नशिबात नव्हती. पण तुमच्याबरोबर खेळलो, हेच खूप झालं." एवढा धिप्पाड माणूस, डोळे पुसायला लागला. त्याला बघून बाकीचे. सतरा आडदांड पुरुष हुंदके देतायत आणि मी मधोमध वड्यांचं पातेलं घेऊन उभी! मग त्याने बूट काढले आणि माझ्या हातात दिले. चिखलासकट. "हे तू ठेव. तुझ्यामुळे आम्ही इथपर्यंत पोचलो."

मीपण रडले. न रडून सांगते कोणाला?

साडेसातला घरी आले. बाहेर लख्ख ऊन. जूनमध्ये इथे सूर्य लवकर मावळत नाही. इरा शिबिराहून परतली होती, प्रशांतच्या हातचं पिठलं खात होती. मी ते बूट वर्तमानपत्रावर ठेवले आणि धपकन खुर्चीत बसले.

"काय झालं, आई?" एवढं ती मराठीत विचारते. पुढचं सगळं इंग्रजीत किंवा डचमध्ये.

"हरलो गं. सेमीफायनल."

"कुणाशी?"

"नायमेखनशी."

तिने माझा फोन घेतला, हेंद्रिक्सचा मेसेज वाचला. पुन्हा वाचला. चमचा खाली ठेवला.

"आई, यात तर तुम्ही व्राय आहात असं लिहिलंय."

"हो ना. शुक्रवार."

"शुक्रवार नाही! व्राय. मोकळे! तुम्हाला मॅचच नव्हती. चिठ्ठीत तुमचं नाव एकटं राहिलं. तुम्ही डायरेक्ट फायनलला!"

प्रशांतच्या हातातून भाकरी पडली. "म्हणजे पुढे चाल? अगं, तुम्हाला पुढे चाल मिळाली होती!"

व्राय म्हणजे मोकळं, हे मला माहीत नव्हतं का? होतं! ऑफिसात रोज कुणी ना कुणी 'व्राय' असतं, रजेवर असतं. पण सेमीफायनलला कोण रजेवर जातं, तुम्हीच सांगा!

मग मी क्षीण आवाजात विचारलं, "इरा, नी… म… न असं काही ऐकू आलं तर ते काय असेल?"

"नीमांत? म्हणजे कोणीच नाही."

किती वाजता? अख्खा दिवस मोकळा. कुठे? हवं तिथे. कोणाविरुद्ध? कोणीच नाही. अरे देवा! म्हातारा बिचारा मी विनोद करतेय असं समजून हसत होता!

इरा हसून हसून खुर्चीवरून खाली घसरली. प्रशांत तोंड फिरवून उभा, पण खांदे हलत होते. मला आधी रडू आलं, मग हसू आलं, आणि मग एकदम लख्ख प्रकाश पडला. थांबा! म्हणजे आम्ही हरलोच नाही. म्हणजे आम्ही फायनलला आहोत!

मी योरिसला फोन लावला. "योरिस, तू फायनलला आहेस."

"सुजाता, आपण हरलो. तू तिथेच होतीस."

"ती मॅच नव्हती."

"मग काय होतं?"

"ते… ते आपलं असंच."

मी सगळं सांगितलं. पलीकडून एक हंबरडा! मला वाटलं गेला माणूस. पण तो हसत होता. दहा मिनिटांत सायकल मारत माझ्या दारात. गुडघ्याला पट्टी, पायात घरच्या सपाता. "माझे बूट दे," म्हणाला. मी दिले. त्याने मला असं उचललं की माझं डोकं दाराच्या चौकटीला लागलं.

पण माझा आनंद पाच मिनिटंसुद्धा टिकला नाही. एकदम आठवलं. नायमेखन! त्या पोरांची खरी सेमीफायनल उद्या दोन वाजता, आणि मी त्यांना आज ऐंशी मिनिटं पिदडून काढलंय!

अनिकेत ट्रेनमध्ये होता. मागे त्याच्या टीमची गाणी चालली होती. जिंकल्याची गाणी.

"अनिकेत, आजची मॅच नव्हतीच रे."

"म्हणजे?"

"म्हणजे माझी चूक झाली. व्राय म्हणजे शुक्रवार नाही. आम्ही आधीच फायनलला होतो."

गाणी चालू. अनिकेत बंद.

"ताई, आम्ही जिंकलो त्याचं काय?"

"काही नाही."

"माझी दोन पोरं लंगडतायत. एकाचा डोळा मिटलाय. उद्या दोनला खरी मॅच आहे."

"हो रे."

"ताई, मी काय बोलू? तुम्ही मोठ्या आहात म्हणून गप्प बसतो."

हे शिव्यांपेक्षा वाईट लागलं हो. माझ्या एका शब्दापायी त्या पोरांचा सीझन बुडणार. मी योरिसकडे बघितलं. त्याचंही हसू गेलं होतं. खरं तर दमलेली टीम उद्या हरली तर आमचं काय बिघडत होतं? उलट बरंच! पण योरिस म्हणाला, "अशी फायनल मला नको. हेंद्रिक्सला फोन कर. सामना पुढे ढकलता येतो का विचार." आणि मग घाईघाईने म्हणाला, "इंग्रजीत विचार!"

केला. सगळं कबूल केलं. हेंद्रिक्स आधी हसले, मग वही चाळल्याचा आवाज आला. म्हणाले, "सामना हलवायचा तर न्यूनेनची परवानगी पाहिजे. ते उद्या आयते जिंकणार. ते कशाला देतील?"

"मी विचारू त्यांना?"

"नको!" एवढ्या जोरात ओरडले की इराने दचकून मागे बघितलं. "तुम्ही कोणालाही काहीही विचारू नका. मी विचारतो."

वीस मिनिटं. मी त्या वीस मिनिटांत ओटा तीनदा पुसला. योरिस माझ्या सोफ्यावर बूट छातीशी धरून बसला. प्रशांतने चहा केला, तो कोणी प्यायला नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की न्यूनेनने नाही म्हटलं तर उद्या सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि पाया पडायचं. डच माणसाच्या पाया पडल्यावर तो काय करेल कोण जाणे, पण पडायचं.

फोन वाजला.

"सुजाता," हेंद्रिक्स म्हणाले, "न्यूनेन हो म्हणालं."

"खरंच?"

"मी वाक्य पूर्ण करायच्या आत हो म्हणालं. त्यांच्या टीममध्ये एकाचं उद्या लग्न आहे. निम्मी टीम वऱ्हाडात. त्यांच्याकडे उद्यासाठी नऊच माणसं होती. लाजेपायी सांगत नव्हते. बिचारा मॅनेजर तर मला दुवा देत होता!"

अहो, मी मटकन खालीच बसले. स्वयंपाकघरातल्या फरशीवर. अनिकेतला कळवलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्या पायांचे फोटो पाठवा, नमस्कार करतो." आणि मागे पुन्हा गाणी सुरू!

पुढच्या शनिवारी नायमेखनने न्यूनेनला हरवलं, ठणठणीत पायांनी. आणि फायनल लागली आमची त्यांच्याशी. आइंडहोवनला, त्यापुढच्या आठवड्यात रविवारी दुपारी. तारीख, वार, वेळ, मैदान मी पाच वेगवेगळ्या माणसांकडून खात्री करून घेतलं. इरा सहावी.

आणि फायनलमध्ये काय झालं माहितीये? नायमेखनने चेंडू डावीकडे नेला. आमचा एकही माणूस डावीकडे गेला नाही! सगळे उजवीकडे, त्या लाल केसांच्या मुलाची वाट बघत उभे. तो बिचारा आला तो थेट योरिसच्या मिठीत. तीन वेळा आला, तीन वेळा मिठीत. मग त्यांना दुसरं काही सुचेना. शेवटपर्यंत ओढाताण झाली, पण दोन गुणांनी आम्ही जिंकलो. योरिसने कप घेतला आणि लहान मुलासारखा मैदानभर नाचला, गुडघ्याची पर्वा न करता.

अनिकेत माझ्याजवळ आला. डोळे बारीक करून म्हणाला, "ताई, तुम्ही मुद्दाम केलंत ना? सेमीफायनल म्हणून बोलावलंत आणि आमचे सगळे डाव बघून घेतलेत!"

मी काय उत्तर दिलं असेल? नुसतं गूढ हसले आणि त्याला वडा दिला. बघता बघता सगळ्या टीममध्ये बातमी पसरली की फेल्डहोवनची ती भारतीय मॅनेजर फार पोचलेली बाई आहे, तिच्यापासून सांभाळून राहा. अख्खा हिवाळा मी त्या नावावर मिरवले. तुम्ही असतात तर तुम्हीही मिरवलं असतं, खोटं कशाला बोलता?

मग नवा सीझन आला. योरिस आता आमचा कोच. कपमध्ये या वेळी टीम अकराच. या वेळी हेंद्रिक्सनी जुना अनुभव लक्षात घेऊन मला मुद्दाम साध्या इंग्रजीत मेसेज पाठवला. 'गुड ईव्हनिंग सुजाता. पहिली फेरी. फेल्डहोवन, बाय.'

मला इतकं भरून आलं! किती सुसंस्कृत माणूस! नुसतं मला नाही, आमच्या अख्ख्या फेल्डहोवनला बाय म्हणतोय. मीही लगेच उलट लिहिलं, 'बाय मेनेर हेंद्रिक्स! न्यूनेनला बाय, नायमेखनलाही बाय!' सोबत हात हलवणारी तीन चित्रं.

आणि वेळापत्रकाची वाट बघत बसले. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. सगळ्यांचं आलं, आमचंच नाही. पाचव्या दिवशी माझा संयम सुटला. सगळ्या मॅनेजरच्या ग्रुपवर मी जरा कडक शब्दांत लिहिलं, 'आमचा सामना कोणाशी आहे, हे कळवण्याची तसदी कोणी घेईल का?'

दोन मिनिटांनी माझा फोन वाजला. हेंद्रिक्स. या वेळी वारा नव्हता, हसणं नव्हतं. अगदी हळुवार, दवाखान्यात पेशंटशी बोलावं तशा आवाजात ते म्हणाले,

"सुजाता, पुन्हा नीमांत. मी चित्र काढून पाठवू का?"